निष्प्रयोजन बळाचा कैवार

आपल्या समाजात मुलीच्या अंगी बळ असावे की नसावे, हा वाद आता कोणी उघडपणे घालीत नाही. सभासंमेलनांतून, सरकारी फलकांवरून आणि मार्च महिन्यातल्या भाषणांतून त्या बळाचा जयजयकारच आपल्या कानी पडतो. परंतु त्या जयजयकारातली वाक्ये जरा सावकाशीने तपासली, तर असे ध्यानात येते की, मुलीच्या बळाकडे आपण नेहमी एखाद्या प्रयोजनाचा परवाना मागत असतो. तिने बळकट व्हावे, कारण रस्त्यावर तिला स्वतःचे रक्षण करावयाचे आहे. कारण तिला घराण्याचे नाव राखावयाचे आहे. कारण राष्ट्राला पदकांची निकड आहे. मुलगा मात्र विनाकारण दांडगा असू शकतो. त्याने शेजाऱ्याच्या गोठ्यातली वासरे उधळून लावली, आंब्याची फांदी मोडली किंवा शाळेच्या बाकाचे दोन तुकडे केले, तर रीतीप्रमाणे दोन धपाटे मिळून प्रकरण दप्तरदाखल होते आणि पुढे तोच किस्सा त्याच्या लग्नात मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. असे निर्हेतुक, निष्प्रयोजन आणि हसण्याजोगे बळ मुलीच्या वाट्याला का येऊ नये, हा प्रश्न मला एका जपानी चित्रकथेने घातला; आणि तो वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यासारख्या गावाच्या संदर्भात विचारण्यात काही औचित्य आहे, असे मला वाटते.

त्या चित्रकथेचे नाव ‘डॉक्टर स्लम्प’ आणि तिचे कर्ते अकिरा तोरियामा. त्यांच्या ‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू आपल्याकडच्या मुलांना दूरचित्रवाणीमुळे आणि आता मोबाइलमुळे चांगला परिचयाचा आहे, परंतु १९८४ साली गोकू जन्मास येण्यापूर्वी, १९८० पासून चार-साडेचार वर्षे, ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकातून तोरियामांनी जी कथा क्रमशः चालविली आणि जी पुढे अठरा खंडांत ग्रथित झाली, तिची नायिका अराले नावाची एक यंत्रकन्या आहे. १९८१ साली या कथेवरून दूरचित्रवाणीची मालिका सुरू झाली आणि जपानमधल्या घरोघरची पोरे अरालेच्या बोबड्या अभिवादनाची नक्कल करू लागली. तोरियामा १ मार्च २०२४ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, निवर्तले. तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी गोकूच्या पराक्रमांची उजळणी केली, ती योग्यच होती. पण त्यांच्या प्रतिभेचा अधिक मोकळा, अधिक निरागस असा आविष्कार अरालेत आहे, हे त्या गदारोळात मागे पडले.

कथा अशी. पेंग्विन गाव नावाचे एक आडबाजूचे खेडे आहे, जेथे डोंगराला डोळे असतात, सूर्याला तोंड असते आणि जनावरे माणसांच्या पंक्तीत बसून बोलतात. तेथे सेनबेई नोरिमाकी नावाचा एक अर्धवट संशोधक राहतो. त्याने मोठ्या हौसेने एक यांत्रिक मुलगी घडविली आणि ती परिपूर्ण झाली अशी स्वतःची समजूत करून घेतली. पण तिची दृष्टी अधू निघाली, तेव्हा यंत्राला चष्मा घालण्याची पाळी त्याच्यावर आली. गावात त्याने ‘ही माझी धाकटी बहीण’ असा पुकारा करून तिला शाळेत घातले. दृष्टीतली ही उणीव भरून काढावी अशा बेताने की काय, बळ मात्र तिच्यात इतके उतरले होते की, लहर आली म्हणजे ती जमिनीवर एक गुद्दा हाणी आणि पृथ्वीची दोन शकले होत. विशेष हे की, ही मुलगी नायिका व्हावी असा कर्त्याचा मूळ बेत नव्हता. कथा त्या संशोधकाची होती. अराले एकाच प्रकरणापुरती यावयाची होती. संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी आग्रह धरला म्हणून ती राहिली आणि राहिली ती सगळी कथाच बळकावून बसली. या आग्रहाचा सूड तोरियामांनी पुढे मोठ्या प्रेमाने उगविला: कथेतल्या दुष्ट शास्त्रज्ञाला त्यांनी संपादकाचेच रूप दिले आणि त्याचेच आडनाव उलटे करून ठेवले.

तिच्या बळाचे स्वरूप नीट दिसावे म्हणून त्या कथेत वारंवार येणारा एक प्रसंग जवळून पाहणे इष्ट ठरेल. पेंग्विन गावच्या दोन पोलिसांची मोटार रस्त्याने चालली आहे. तोरियामांचा हात यंत्रे काढण्यात इतका सराईत की, त्या मोटारीचे दिवे, चाकांवरचे स्क्रू, पत्र्याचा गोलावा, सारे प्रेमाने आणि अचूक उतरलेले असते; आणि इतक्या काळजीने काढलेली वस्तू आता मोडणार, या जाणिवेतच विनोदाची अर्धी सिद्धता होऊन जाते. समोरून अराले दोन्ही हात विमानाच्या पंखांसारखे फैलावून, तोंडाने ‘कीऽऽन’ असा आवाज करीत धावत येते. ती थांबत नाही. थांबण्याचे तिला सुचतच नाही. पुढच्या चौकटीत मोटार पत्र्यांच्या चिंध्या होऊन आकाशात असते, पोलीस कोठेतरी लोंबकळत असतात आणि अराले चष्मा सावरून त्यांना मनःपूर्वक अभिवादन करीत असते. तिच्या चेहऱ्यावर विजयाची मुद्रा नसते, अपराधाचीही नसते. आपण काही विशेष केले असे तिला वाटतच नाही. पोलीस दुसरी मोटार आणतात, पुढच्या प्रकरणात तीही जाते. पण गावात कोणी तिच्यावर फिर्याद गुदरत नाही, कोणी सेनबेईकडे नुकसानभरपाई मागत नाही आणि ‘मुलीच्या जातीला हे शोभत नाही’ असे म्हणणारा एकही वडीलधारा त्या अठरा खंडांत उगवत नाही.

यंत्रमानवाच्या साहित्यातील परंपरेकडे पाहिले म्हणजे या निश्चिंतपणाचे नावीन्य कळते. चेक नाटककार कारेल चापेक याने १९२० साली आपल्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला तो राबणाऱ्या आणि शेवटी बंड करून उठणाऱ्या कृत्रिम मजुरांसाठी. जपानमध्ये ओसामु तेझुका यांनी १९५२ साली ‘अ‍ॅटम’ हा यंत्रबालक निर्माण केला, तो एका पित्याच्या पुत्रशोकातून; आणि हा मुलगा वाढत नाही असे दिसताच त्या पित्याने त्याला सर्कशीत विकून टाकले. चापेकच्या यंत्राला काम होते, तेझुकांच्या यंत्राला दुःख होते. अरालेला यांपैकी काहीच नाही. तिला कोणाची जागा भरून काढावयाची नाही, कोणाची चाकरी करावयाची नाही, कोणावर सूड उगवावयाचा नाही. त्या दुष्ट शास्त्रज्ञाने तिचा निःपात करण्यासाठी तिच्यासारखाच एक यंत्रबालक घडविला, तर तो तिच्यावर लुब्ध होऊन बसला. एवढे अमर्याद सामर्थ्य आणि त्याला करण्याजोगे एकही कार्य नाही, ही कल्पना वरवर पोरकट वाटते; पण तिच्या पोटात विचाराला पुरेसा ऐवज आहे.

तो विचार करावयाचा तर आपल्याकडे साधने आहेत, आणि त्यांचा दाखला देताना कुरुंद्याचे नाव सहजच ओठांवर येते. या गावावरून ज्यांचे आडनाव पडले त्या नरहर कुरुंदकरांचा जन्म १९३२ साली नांदापूरचा आणि कर्तृत्व नांदेडचे; पण निजामी मराठवाड्यातल्या या मुलखाने महाराष्ट्राला दिलेला तो एक असा विचारवंत होता की, ज्याने मनुस्मृतीपासून भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंत कोणत्याही ग्रंथाला नुसता नमस्कार करून सोडले नाही; उलटतपासणी केल्यावाचून त्याचे समाधान होत नसे. त्याच वृत्तीने नाट्यशास्त्रातला रसविचार अरालेपुढे ठेवून पाहावा. भरताच्या मते वीररस हा उत्तम प्रकृतीच्या पात्रांचा आणि त्याचा स्थायीभाव उत्साह. हास्यरस मात्र स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठिकाणी विशेषेकरून दिसतो. म्हणजे उत्साह आणि बळ एका बाजूला, हास्य आणि स्त्री दुसऱ्या बाजूला, अशी ही जुनी वाटणी आहे आणि तिच्यावर आपली शेकडो नाटके व चित्रपट अद्याप निर्वेधपणे चालले आहेत: नायक पर्वत उचलतो आणि मोलकरीण हसविते. अराले ही वाटणी मोडते. उत्साह म्हणाल तर तिच्यात शिगोशीग भरलेला आहे, पण त्या उत्साहाला लागणारा शत्रू नाही, जिंकावयाचा गड नाही. आलंबनच नाहीसे झालेला हा वीररस आपल्याच वेगाने हास्यात जाऊन पडतो. वीरापासून अद्भुत उपजतो असे भरताने सांगितले आहे. वीर आणि हास्य यांची गाठ एका मुलीच्या देहात पडू शकते, हे मात्र शास्त्राच्या हिशेबात धरलेले नव्हते.

शास्त्र बाजूला ठेवून कथांकडे वळले तरी हाच अनुभव येतो. भोळ्या बळाची आपल्याकडे वाण नाही. सूर्याला फळ समजून त्याच्यावर झेप घेणारा बालहनुमान, उखळ ओढता ओढता दोन अर्जुनवृक्ष उन्मळून पाडणारा बाळकृष्ण, सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहणारा दुष्यंताचा भरत: आपल्या बळाची जाणीव नसलेले हे तीन बालक आपल्या कथांचे लाडके आहेत आणि तिघेही मुलगे आहेत. मुलीची अशी एकच कथा मला आठवते, आणि ती आपल्या कीर्तनकारांनी पिढ्यानपिढ्या रंगवून सांगितली आहे. लहानग्या सीतेने शिवधनुष्याचा घोडा केला आणि त्यावर बसून ती अंगणात खेळू लागली. ज्या धनुष्याला हलविण्यास शेकडो माणसे लागत, ते या पोरीने फरफटत नेले. येथवर कथा थेट अरालेची आहे. पण जनकाने तो खेळ पाहिला, आणि पाहताच त्याने काय केले? त्याने पण लावला: हे धनुष्य जो उचलील त्यालाच माझी कन्या देईन. मुलीचा खेळ त्या क्षणी संपला आणि वरांची परीक्षा सुरू झाली. जे बळ तिचे होते, ते तिच्या नवऱ्याचे माप ठरले. आणि त्यानंतर सबंध रामायणात सीतेला पुन्हा काही उचलताना आपण पाहत नाही. जनक प्रेमळ पिता होता, यात शंका नाही. पण मुलीच्या बळाचा तत्काळ काही उपयोग करून घेण्याची जी त्याला घाई झाली, ती आपल्या सर्व प्रेमळ पित्यांची घाई आहे.

ती घाई अद्याप ओसरलेली नाही. ‘दंगल’ या २०१६च्या चित्रपटाने सबंध देशाला रडविले आणि हसविले. पण त्यातल्या मुलींनी आखाड्यात उतरावे यामागचे मूळ कारण बापाच्या हातून निसटलेले पदक हे होते, आणि प्रेक्षकांना त्यात काही खटकले नाही. आपल्याकडे पहिला महाराष्ट्र केसरी १९६१ साली औरंगाबादेत ठरला. महिलांच्या महाराष्ट्र केसरीची पहिली गदा प्रतीक्षा बागडी हिने सांगलीत उचलली ती २०२३ साली, म्हणजे बासष्ट वर्षांनी. या विलंबाची पुष्कळ कारणे सांगितली जातील: आखाडे नव्हते, प्रशिक्षक नव्हते, निधी नव्हता. मला त्यांत आणखी एक कारण जोडावेसे वाटते. बळकट मुलगी ही प्रथम हसतखेळत, कथेच्या अंगणात, आपल्या ओळखीची व्हावी लागते. ती तशी कधी झालीच नाही. पुरुषी बळाची ओळख आपल्याला हनुमानापासून आहे, म्हणून गावोगाव तालमी आहेत आणि त्या तालमींत मारुती आहे.

कुरुंद्याच्या शिवारात हिंडून पाहणाऱ्याला या विसंगतीचा प्रत्यय लगेच येतो. वसमत तालुका हळदीचा. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. परंतु त्या हळदीच्या काढणीत जमिनीतून वर आलेले गड्डे फोडणे, कंद वेचणे, ओल्या मातीसकट जड झालेली टोपली डोक्यावर चढवून शिजवणीपर्यंत नेणे, या कामांना जे बळ लागते, ते बहुतांशी बायकांचे आणि पोरींचे असते. बांधावरच्या बोलण्यात ते बळ कधी ‘बळ’ म्हणून मोजले जात नाही. ‘कामाला चपळ आहे’ एवढीच त्याची नोंद होते. तीच पोर संध्याकाळी घरी धावत आली, तर आजी म्हणते, “बाई, हळू चाल, पाय आपटू नकोस.” गावाजवळच्या टोकाईच्या गडावर जाऊन देवीपुढे हात जोडणारा माणूस स्त्रीच्या अपार सामर्थ्यापुढे मनापासून नम्र झालेला असतो, आणि घरी परतल्यावर मुलीने दाराची कडी जोरात ओढली म्हणून तिला दटावतो. त्याला आपण दांभिक म्हणू नये. देवीचे बळ असुरासाठी आहे आणि पोरीचे टोपलीसाठी, अशी त्याने प्रामाणिकपणे व्यवस्था लावून घेतली आहे. खेळासाठीही बळ असते, ही गोष्ट मात्र त्याच्या हिशेबात कोठे बसत नाही.

अराले पाहून मुले बिघडतील, असा आक्षेप येणार, आणि तो उडवून लावणे योग्य होणार नाही. मलमूत्राचा विनोद तिच्या कथेत सढळ आहे. रस्त्यावर पडलेली विष्ठा काडीवर घेऊन मिरविणे हा तर तिचा आवडता छंद आहे. सेनबेईचा स्त्रीलंपटपणा तोरियामांनी ज्या खोडसाळपणाने रंगविला आहे, तो आज वाचताना अनेक ठिकाणी कंटाळवाणा आणि क्वचित किळसवाणाही वाटतो. ती पाने लहान मुलांच्या हाती सरसकट द्यावीत असे मी म्हणणार नाही. २००८ साली ‘शिनचॅन’ या दुसऱ्या एका जपानी पोराच्या वात्रटपणावर पालकांच्या तक्रारी झाल्या, मालिकेचे प्रक्षेपण आपल्याकडे थांबले आणि पुढे काटछाट होऊन ते पुन्हा सुरू झाले. पण या दोन वात्रटपणांत एक भेद आहे. शिनचॅनला आपण काय करतो हे ठाऊक असते. मोठ्यांचा पाणउतारा करण्यात त्याला रस आहे. अरालेला कोणाला खाली पाहायला लावावयाचे नाही. तिच्या दृष्टीने काडीवरची विष्ठा आणि आकाशातला चंद्र सारखेच नवलाचे आहेत; शुद्ध-अशुद्धाचा विटाळ अजून तिला शिवलेला नाही. ज्या समाजाने विटाळाच्या कल्पनेने मुलींना महिन्यातून चार दिवस कोपऱ्यात बसविले, त्या समाजात अशी मुलगी हास्याचा विषय होणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विवेकाशिवाय बळ हे मुलीत काय आणि मुलात काय, भयानकच. मग त्याचा कैवार कशासाठी घ्यावयाचा? याचे उत्तर पेंग्विन गावच्या नकाशात आहे. तोरियामांनी अरालेला ज्या गावात ठेवले, तेथे तिच्या बळाने कोणी मरत नाही. पृथ्वी दुभंगते आणि पुढच्या पानावर सांधलेली असते. हास्यकथेचा हा जुना करार आहे. बाळकृष्णाने झाडे पाडली तेव्हा त्यांखाली कोणी सापडले नाही, एवढेच नव्हे तर त्या झाडांतले शापित देव मोकळे झाले. त्या कराराच्या भिंतीआड मुलांना बळाशी खेळता येते, त्याची भीती आणि लोभ दोन्ही हसून पचविता येतात. विवेक शिकविणारी पुस्तके आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि मुलींसाठी तर ती जरा जास्तच आहेत.

म्हणून मागणी सोपी आहे: मराठीत अशी एक मुलगी कोणीतरी लिहावी आणि काढावी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, ताम्हनकरांचा गोट्या आहे. स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनने १९४५ साली घोडा उचलून धरणारी पिप्पी दिली, जपानने अराले दिली. आपली मुलगी कुरुंद्याची का असू नये? या मुलखात तिच्यासाठी साहित्य अनायासे पडलेले आहे. वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतल्या गावांना जमिनीखालून येणारे आवाज वर्षानुवर्षे परिचित आहेत. १० जुलै २०२४ च्या सकाळी तर ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने सगळा मुलूख घराबाहेर आला. भूगर्भशास्त्रज्ञ त्याची कारणे सांगोत. कथेत मात्र तहसीलदारसाहेब पांगरा शिंदे गावी पाहणीसाठी यावेत, आणि चौकशीअंती असे निष्पन्न व्हावे की, कुरुंद्याच्या एका चष्मेवाल्या पोरीने ठिकऱ्या खेळताना जरा जोरात उडी मारली होती. तलाठ्याने पंचनामा करावा, पोरीच्या आईने “साहेब, तिला सांगून ठेवते,” म्हणावे, आणि पोरीने साहेबांची जीप रस्ता अडवून उभी आहे असे पाहून ती अलगद उचलून बाजूला ठेवावी. तिला पोलिसात भरती करू नये, तिच्यासाठी कोणी पण लावू नये, तिने अखेरीस गावाला पुरातून वाचविलेच पाहिजे असाही हट्ट धरू नये. वाचविलेच, तर चुकून वाचवावे.

हे लिहावयास आखाडा लागत नाही, समिती लागत नाही, अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही. महिला मल्लाची पहिली गदा यावयास बासष्ट वर्षे लागली त्याची सबब निधीवर ढकलता आली. या कथेला झालेल्या उशिराची सबब सांगण्याची सोय आपल्या लेखकांना, चित्रकारांना आणि प्रकाशकांना नाही. ज्या संपादकाने तोरियामांच्या मागे लागून एका प्रकरणाच्या पोरीला अठरा खंडांची नायिका करून घेतली, तसा एखादा हट्टी संपादक मराठीत निघाला, तर पुढच्या पिढीतल्या जनकाला अंगणात धनुष्याचा घोडा करून खेळणारी मुलगी पाहून लगेच स्वयंवराचा बेत सुचणार नाही. तो बहुधा पोटभर हसेल आणि तिला जेवायला हाक मारील.